जाहिरातीला आपलं घर कसं सापडतं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोबाइलवर माग काढत येणाऱ्या जाहिरातींविषयी शंका कळवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनारपट्टीवरच्या वाचकांची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत दिलेली सेटिंग्जची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीप्रमाणे थोडीफार बदलतात. एखादं नाव सापडलं नाही, तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथे तो शब्द लिहून पाहा.

आगोटीची कामं चालू होती. पुढच्या पडवीवर पत्रे घालावेत का, एवढंच आम्ही नवराबायको घरात बोललो. मोबाइलवर काही शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी फेसबुकवर पत्र्यांचीच जाहिरात! फोन आपलं बोलणं ऐकतो का?
— एक वाचक, मालवण

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आला, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातीसाठी फोन चोवीस तास बोलणं ऐकतो, याला पुरावा सापडलेला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अ‍ॅप त्यांना आढळलं नाही. काही अ‍ॅप स्क्रीनचं चित्रण करून ते बाहेरच्या कंपनीला पाठवत होती, हे मात्र आढळलं. म्हणजे चिंता करण्यासारखं आहे, पण ते कानापेक्षा डोळ्यांच्या बाजूचं आहे. शिवाय दिवसभराचा आवाज पाठवायचा तर नेटचा डेटा आणि बॅटरी दोन्ही इतकी खर्च होईल की ते लपून राहणार नाही.

मग पत्रे कसे आले? न ऐकता ते येण्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट ऋतूची. पत्रे विकणारा जाहिरात देताना जिल्हा सिंधुदुर्ग, वय पस्तीसच्या पुढे, महिना मे, एवढंच निवडतो. त्या महिन्यात कोकणात निम्म्या घरांत हाच विषय चालू असतो. तुम्ही बोलला नसता तरी ती जाहिरात तुम्हाला दिसलीच असती; बोललात म्हणून ती डोळ्यांत भरली.

दुसरी वाट घरातल्या दुसऱ्या फोनची. तुम्ही शोधलं नाही, पण मुलाने किंवा भावाने शोधलं असेल. एकाच वायफायवरचे फोन एका घरातले समजले जातात.

तिसरी वाट बोटाची. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर एखाद्या चित्रापाशी तुम्ही किती वेळ थांबलात, याची नोंद होते. क्लिक करायची गरज नसते. शेजाऱ्याच्या नव्या शेडच्या फोटोपाशी दोन-तीन सेकंद रेंगाळलात, तरी तो इशारा पुरतो.

चौथी वाट मोबाइल नंबरची. आमच्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. हार्डवेअरच्या दुकानात बिल करताना तुम्ही नंबर सांगता. दुकानदार किंवा त्याच्यामागची कंपनी नंबरांची यादी फेसबुकच्या किंवा गूगलच्या जाहिरात विभागात चढवते. चढवताना प्रत्येक नंबराचं गणिती सूत्राने ६४ अक्षरांच्या खुणेत रूपांतर होतं. त्या सूत्राचं नाव शा-२५६. तुम्ही खातं उघडताना दिलेल्या नंबराचंही फेसबुक तसंच रूपांतर करतं आणि दोन खुणा जुळवून पाहतं. नंबर उघड पाठवला जात नाही हे खरं, पण जुळणी नेमकी होते. पुढे या यादीतल्या लोकांसारखी वागणारी आणखी हजारो माणसं शोधून त्यांनाही जाहिरात दाखवता येते. त्यामुळे तुमचा नंबर यादीत नसला, तरी तुमच्यासारख्याच गिऱ्हाइकांमुळे तुम्ही सापडता.

यातली कोणती वाट तुमच्या बाबतीत होती, हे बऱ्याचदा तपासता येतं. जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा आणि 'व्हाय अ‍ॅम आय सीइंग धिस अ‍ॅड' उघडा. तिथे वय-ठिकाण लिहिलं असेल तर पहिली वाट. जाहिरातदाराने यादी वापरली असा उल्लेख असेल तर तुमचा नंबर किंवा ईमेल कोणीतरी दिला आहे.

बोलून चालू होणारा मदतनीस हा एक खरा अपवाद. 'हे गूगल' किंवा 'सिरी' चालू असेल तर हाक ओळखण्यासाठी फोन सतत कान देऊन असतो, आणि तसाच एखादा शब्द कानी पडला तर चुकून ध्वनिमुद्रण सुरू होतं. वापरत नसाल तर बंद करा: गूगल अ‍ॅप, सेटिंग्ज, व्हॉइस, आणि तिथे 'हे गूगल' बंद. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असताना स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनवर नारिंगी ठिपका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या चोवीस तासांत कोणत्या अ‍ॅपने किती वाजता माइक घेतला ते दिसतं. तुम्ही ज्या वेळी पत्र्यांविषयी बोललात, त्या वेळेसमोर काही नोंद आहे का, एवढं पाहिलंत की शंका फिटेल.

बातमीचं पान उघडल्याबरोबर जाहिरात दिसते. तेवढ्या वेळात ती माझ्यासाठी कोण निवडतं?
— एक विद्यार्थिनी, दापोली

निवड लिलावाने होते. हर्णै बंदरावर संध्याकाळी टोपली वाळूत टेकली की बोली सुरू होते, तसा पान उघडलं की तुमच्या नजरेसमोरच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव सुरू होतो. फरक इतकाच की इथे बोली यंत्रं लावतात आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात सगळं आटोपतं.

पान उघडताच त्यातली आज्ञावली लिलाव चालवणाऱ्या कंपनीला निरोप पाठवते: फोनचा प्रकार, भाषा, ढोबळ ठिकाण, कोणतं पान वाचताय, आणि एक ओळखक्रमांक. हा निरोप एकाच वेळी अनेक कंपन्यांना जातो. त्या आपापल्या नोंदवहीत तो क्रमांक शोधतात, दर लावतात, आणि वरचढ ठरणारीची जाहिरात चौकटीत येते. आम्हाला यातली सगळ्यात आक्षेपार्ह वाटणारी बाब वेगळीच आहे. लिलाव हरलेल्या कंपन्यांनाही तो निरोप मिळालेलाच असतो. त्यांनी काही विकत घेतलं नाही, पण तुम्ही किती वाजता काय वाचत होता ते त्यांना कळलं.

ओळखक्रमांक ब्राउझरमध्ये कुकीच्या, म्हणजे संकेतस्थळाने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या, रूपात राहतो. कुकी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी तयार केली, ती एका संकेतस्थळाला आपलं गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून. पुढे तिसऱ्याच कंपनीची कुकी हजारो संकेतस्थळांवर बसवून माणसाचा माग काढायची पद्धत पडली. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या अशा कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली, सफारीने २०२० मध्ये बाहेरच्या सगळ्याच कुकी बंद केल्या. क्रोमने त्या काढून टाकू असं २०२० मध्ये जाहीर केलं, मुदत वरचेवर पुढे ढकलली आणि २०२५ मध्ये तो बेतच सोडला. म्हणून क्रोम वापरणाऱ्याने ते काम स्वतः करायला हवं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज, ब्लॉक.

इनकॉग्निटोमध्ये पाहिलं तर माग लागत नाही ना?
— एक वाचक, रत्नागिरी

लागतो. इनकॉग्निटोमुळे, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीमुळे, तुमच्या फोनवर इतिहास राहत नाही आणि खिडकी बंद केली की त्या वेळच्या कुकी पुसल्या जातात, इतकंच. संकेतस्थळाला, नेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच. याच कारणावरून अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत जुन्या नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं. इनकॉग्निटोमध्ये जाऊन तुम्ही स्वतःच्या खात्यात लॉगइन केलंत, तर उरलासुरला उपयोगही संपतो.

गणपतीला भाऊ-पुतणे मुंबईहून येतात. ते परत गेले की महिनाभर आईच्या फोनवर बाइकच्या आणि जिमच्या जाहिराती येत राहतात. शिवाय आम्ही कणकवलीत असून डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या जाहिराती का?
— एक वाचक, कणकवली

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरच्या वायफायला बाहेरून पाहिलं तर एकच पत्ता असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. पाच चाकरमान्यांचे फोन आठवडाभर, रात्रीसुद्धा, त्याच पत्त्यावरून दिसले की जाहिरात कंपन्या ते सगळे एका घरातले धरतात. पुतण्याने पाहिलेली बाइक मग आजीलाही दाखवली जाते. पण त्याआधी एक साधी तपासणी करा, कारण बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. पुतण्याने टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये किंवा आईच्या फोनवर स्वतःचं गूगल खातं उघडून तसंच ठेवलेलं असतं. फोनमध्ये सेटिंग्ज, मग गूगल, आणि वर दिसणाऱ्या नावावर दाबा. अनोळखी खातं असेल तर काढून टाका. टीव्हीवर यूट्यूब उघडून खात्याच्या चित्रावर जा आणि तेच करा.

पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं 'गेस्ट नेटवर्क' करावं, असं सुचवलं जातं. घरातले फोन एकमेकांपासून वेगळे ठेवायला ते चांगलं, पण बाहेरचा आयपी पत्ता तोच राहतो, त्यामुळे जाहिरातींच्या बाबतीत त्याने काहीच बदलत नाही.

डोंबिवलीचं कारण वेगळं. मोबाइल डेटावर असताना तुमचं नेट कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतं, आणि एकेक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो. लोकेशनची परवानगी नसेल तर जाहिरातदाराला ते केंद्रच तुमचं गाव वाटतं. ही चूक दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. ठिकाण चुकीचं समजलं जाणं तुमच्या फायद्याचंच आहे.

मी बँकेतून निवृत्त आहे. तांत्रिक चर्चा नको. एका बैठकीत काय काय करून टाकू, ते क्रमाने सांगा.
— एक वाचक, वेंगुर्ले

क्रम महत्त्वाचा, म्हणून आधी सगळ्यात जास्त फरक पडणारं काम.

फोनचा जाहिरात-क्रमांक खोडा. सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स, 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी'. काही फोनांत गूगलच्या आत आधी 'ऑल सर्व्हिसेस' उघडावं लागतं. हा क्रमांक तुमच्या फोनवरच्या सगळ्या अ‍ॅपना सारखाच दिसतो, आणि त्यावरूनच बातम्यांचं अ‍ॅप, खेळाचं अ‍ॅप आणि खरेदीचं अ‍ॅप यांच्या नोंदी एका माणसाच्या नावावर जुळतात. खोडल्यावर अ‍ॅपना नुसती शून्यं दिसतात. तिथेच 'रीसेट' हाही पर्याय असतो. तो घेऊ नका, त्याने जुना क्रमांक जाऊन नवा येतो. नवा फोन घेतला किंवा फोन फॅक्टरी रीसेट केला की क्रमांक पुन्हा तयार होतो, तेव्हा हे परत करावं लागेल. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग, आणि अ‍ॅपना विचारू देण्याचं बटण बंद.

मग गूगलचं 'माय अ‍ॅड सेंटर' उघडा आणि वर दिसणारं 'पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स' बंद करा. बंद करायचं नसेल तर निदान 'सेन्सिटिव्ह' भागात जाऊन दारू, जुगार, वजन घटवणं यांसारखे विषय कमी करता येतात. फोनमध्ये दोन गूगल खाती असतील तर दोन्हींत हे करावं लागतं. एकाच खात्यात केल्यामुळे काही फरक पडला नाही, अशी तक्रार बऱ्याच वाचकांनी केली आहे.

गूगल खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी' खाली 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' असते. ती पूर्ण बंद केली तर नकाशात आणि शोधात जुन्या नोंदींची सोय जाते. बँकेच्या शिस्तीतल्या माणसाला 'ऑटो डिलीट' जास्त पटेल: तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांपैकी तीन महिने निवडा.

फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी (दोन्हींची मालक कंपनी मेटा) अकाउंट्स सेंटर उघडा. 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' मध्ये 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' आहे. इतर दुकानांनी, अ‍ॅपनी आणि संकेतस्थळांनी तुमच्याविषयी फेसबुकला काय कळवलं, त्याची यादी तिथे दिसते. ती एकदा शांतपणे वाचा. कोणाकोणाची नावं निघतात ते पाहण्यासारखं आहे. जुनी यादी पुसा आणि 'डिसकनेक्ट फ्युचर अ‍ॅक्टिव्हिटी' करा. अमलात यायला दोन दिवसांपर्यंत लागू शकतात. एक अडचण येते: फेसबुकचं खातं वापरून ज्या अ‍ॅपमध्ये लॉगइन करत होता, त्यांत मग तसं शिरता येत नाही. म्हणून त्या अ‍ॅपना आधी ईमेल आणि वेगळा पासवर्ड जोडून घ्या.

क्रोममधल्या कुकींची पायरी वरच्या उत्तरात आहे. फायरफॉक्स वापरायची तयारी असेल तर अँड्रॉइडवरही त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' बसवता येतं. हे जोड-साधन माग काढणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या चालू होण्याआधीच अडवतं.

मोफत व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रामार्फत वळवणारं अ‍ॅप, मात्र घेऊ नका. संरक्षणाच्या नावाखाली माहिती विकल्याची उदाहरणं आहेत. अव्हास्ट या प्रसिद्ध अँटिव्हायरस कंपनीवर ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये कारवाई केली आणि तिला १.६५ कोटी डॉलर भरावे लागले.

एवढं केल्यावर जाहिरातींची संख्या कमी होणार नाही. त्या तुमच्यावर बेतलेल्या न राहता समोरच्या पानावर बेतलेल्या दिसतील: पाककृतीच्या पानावर मसाल्याची, क्रिकेटच्या पानावर बुटांची. वर्तमानपत्रात अशीच जाहिरात येत असे, आणि त्यात काही वावगं नाही.

तांडेलाच्या फोनवर वाऱ्या-लाटांचं एक मोफत अ‍ॅप आहे. 'लोकेशन नेहमी चालू ठेवा' असं ते म्हणतं. नाही दिलं तर अंदाज चुकेल काय?
— एक होडीमालक, हर्णै

नाही चुकणार. वाऱ्याचा अंदाज ज्या जागतिक गणिती प्रारूपांतून येतो, त्यांच्या चौकटी साधारण ९ ते २५ किलोमीटरच्या असतात. तुम्ही जेटीच्या या टोकाला आहात की त्या, याने आकडा बदलत नाही. अँड्रॉइड १२ पासून लोकेशन देताना 'प्रिसाइज' आणि 'अ‍ॅप्रॉक्झिमेट' असे दोन पर्याय येतात. दुसऱ्यात साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो. हवामानाला तो भरपूर झाला. अ‍ॅपच्या नावावर बोट दाबून धरा, अ‍ॅप इन्फो, परमिशन्स, लोकेशन, तिथे 'ओन्ली व्हाइल युजिंग द अ‍ॅप' निवडा आणि 'यूज प्रिसाइज लोकेशन' बंद करा. त्याहून सोपं म्हणजे परवानगी न देता हर्णै हे ठिकाण हाताने लिहून ठेवणं.

'नेहमी' असा आग्रह का, तर मोफत अ‍ॅपचा खर्च अनेकदा लोकेशन विकून निघतो. रात्री फोन जिथे थांबतो ते घर, दिवसा जिथे असतो तो धंदा. चार-सहा दिवसांत माणूस ओळखू येतो. लॉस एंजेलिस शहराने २०१९ मध्ये एका मोठ्या हवामान अ‍ॅपवर नेमक्या याच मुद्द्यावरून दावा लावला होता: लोकेशन हवामानासाठी हवं असं सांगून जाहिरातीसाठी वापरलं. समुद्रात टॉवर नसला तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहावरून येतं. अ‍ॅप त्या नोंदी साठवून किनाऱ्याला रेंज आल्यावर पाठवू शकतं. तुमची मासळीची जागा हे तुमचं भांडवल आहे, ते असं बाहेर जाऊ देऊ नका.

दिशा दाखवणाऱ्या, जाळ्याची जागा नोंदवणाऱ्या अ‍ॅपला मात्र नेमकं लोकेशन द्यावंच लागतं, तिथे कंजुषी नको. मासळीची संभाव्य क्षेत्रं आणि समुद्राची स्थिती हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मोफत कळवते, हवामान खात्याचं 'मौसम' अ‍ॅपही आहे; आधी ती वापरा. आणि संकटात तटरक्षक दलाचा १५५४ लावताना फोनचं लोकेशन पूर्ण चालू करा.

मुलगी चौदा वर्षांची आहे. अभ्यासाला माझाच फोन घेते. तिला रमीच्या, गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती दिसतात. कायद्यात मुलांसाठी काही आहे का?
— एक शिक्षिका, लांजा

आहे, पण त्याचा पूर्ण अंमल अजून यायचा आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. मुलांविषयीची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या वेगळ्या कायद्यानेच बंदी आहे. अशी जाहिरात आली तर तिथल्या तिथे 'रिपोर्ट' करा.

तुमच्या घरातली अडचण कायद्याच्याही आधीची आहे. फोन तुमचा, खातं तुमचं, म्हणून गूगलच्या लेखी पाहणारी व्यक्ती चाळिशीतली आहे. मुलीचं वेगळं खातं करा आणि जन्मतारीख खरी लिहा. अठरा वर्षांखालच्या खात्यांना वय, लिंग आणि आवडीनिवडीवरून जाहिराती लावायचं गूगलने थांबवलं आहे. मेटाने किशोरवयीनांसाठी फक्त वय आणि ठिकाण एवढेच निकष ठेवले आहेत. 'मोठी आहे' असं खोटं वय टाकून खातं उघडलं की हे सगळं संरक्षण जातं. बहुतेक घरांत चूक इथेच होते. एकच फोन दोघींनी वापरायचा असेल तर अँड्रॉइडच्या अनेक फोनांत 'मल्टिपल युजर्स' असतं, त्यात तिचा वेगळा कप्पा तयार करता येतो.

टीव्हीसुद्धा पाळत ठेवतो का?
— एक वाचक, अलिबाग

स्मार्ट टीव्ही ठेवू शकतो. पडद्यावरच्या चित्राचे बारीक नमुने घेऊन कोणता कार्यक्रम चालू आहे हे ओळखणारी सोय त्यात असते, आणि केबलवरचं किंवा पेन ड्राइव्हवरचंही ती ओळखू शकते. व्हिझिओ कंपनीला ग्राहकांच्या संमतीशिवाय हे केल्याबद्दल अमेरिकेत २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीवर 'लाइव्ह प्लस' या नावाने ही सोय सापडते. प्रायव्हसीच्या किंवा जादा सेटिंग्जच्या पानावर जाऊन बंद करा. टीव्ही नवीन लावताना सगळ्या अटींना एकदम 'अ‍ॅग्री' म्हणायला लावतात. त्यातल्या जाहिरात आणि पाहण्याच्या माहितीच्या अटी सहसा ऐच्छिक असतात, त्या सोडल्या तरी टीव्ही चालतो.

एका संकेतस्थळावर कर्जाचा हप्ता किती बसेल एवढंच पाहिलं. तेव्हापासून रोज फोन येतात.
— एक वाचक, चिपळूण

हप्ता दाखवण्याआधी तुमचा नंबर आणि ओटीपी मागितला असणार. ती गणनयंत्राची सोय नसून चौकशी गोळा करायची जागा असते. खालच्या बारीक अक्षरांतल्या संमतीवर खूण केली की तोच नंबर अनेक कर्जसंस्थांना आणि दलालांना विकला जातो. हप्ता काढायला नंबर लागत नाही. रक्कम, व्याज आणि मुदत विचारून तिथल्या तिथे उत्तर देणारी पानं बँकांकडेच आहेत.

आता उपाय. १९०९ ला 'स्टार्ट ०' हा संदेश इंग्रजीत पाठवा, व्यापारी फोन आणि संदेश बंद होण्याची नोंद होते. तरीही साध्या दहा आकडी नंबरावरून विक्रीचा फोन आला तर सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करा. नंबर, तारीख आणि काय विकत होते ते लिहा. नियमाप्रमाणे जाहिरातीचा फोन १४० ने आणि बँकेचा सेवेचा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून यायला हवा. कर्ज मंजूर करायला आधी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे, तेव्हा १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

आमची हापूसची कलमं आहेत. पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवायच्या म्हणून जाहिरात दिली. पैसे गेले, ऑर्डरी थोड्या. एक एजंट 'आंबा घेणाऱ्या दहा हजार लोकांचे नंबर' विकत देतो म्हणतो. घ्यावेत का?
— एक बागायतदार, देवगड

घेऊ नका. ते नंबर कोणीतरी न विचारता गोळा केलेले असतात. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकगठ्ठा संदेश पाठवलेत की लोक 'रिपोर्ट' करतात आणि ऐन एप्रिलात, माल तयार असताना, तुमचाच नंबर बंद पडतो. जुनी गिऱ्हाइकंही मग तुम्हाला गाठू शकत नाहीत.

पैसे कुठे गेले ते शोधायला गूगल अ‍ॅड्समध्ये 'लोकेशन ऑप्शन्स' उघडा. तिथे आपोआप निवडलेला पर्याय असतो 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट': म्हणजे त्या ठिकाणी असलेले, किंवा त्या ठिकाणात नुसता रस दाखवलेले लोक. पुणे निवडूनही पुण्याविषयी काही शोधणाऱ्या परराज्यातल्या माणसाच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरता. फक्त 'प्रेझेन्स' ठेवा. आणि जिथे तुमची पेटी दोन दिवसांत सुखरूप पोचते तेवढेच भाग निवडा. अख्खा महाराष्ट्र नको.

खर्चाचाही अंदाज घ्या. दिवसाला ₹३०० ठरवले तरी गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं. महिन्याची कमाल मर्यादा मात्र दिवसाच्या रकमेच्या ३०.४ पट, म्हणजे ₹९,१२० राहते. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. आंब्याचा हंगाम आखडता, म्हणून जाहिरातीला शेवटची तारीख आधीच घालून ठेवा. पेट्या संपल्यावरही जाहिरात चालू राहून पैसे जाणं हा बागायतदारांच्या बाबतीत नेहमीचा प्रकार आहे.

सगळ्यात चांगली यादी तुमच्याच वहीत आहे: गेल्या हंगामात पेटी घेतलेले लोक. पण त्यांनी नंबर दिला तो पेटी पोचवायला. तो जाहिरातीसाठी वापरायचा, फेसबुकवर चढवायचा, तर वेगळं विचारायला हवं. नवा कायदाही माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा असं सांगतो. यंदाच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर पत्त्याखाली स्वतंत्र चौकट छापा आणि तीत आधीच खूण करून ठेवू नका. मजकूर इतका पुरे: "पुढच्या हंगामात आंबे तयार झाल्यावर मला या नंबरावर कळवावे. माझा नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नये. नको असल्यास 'नको' असा संदेश पाठवताच यादीतून नाव काढले जाईल." ज्यांनी खूण केली नाही त्यांचे नंबर पेटी पोचून पैशांचा हिशोब मिटला की यादीतून खोडा.